माणसाला माणसापासून सगळ्यात खोल काय तोडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मराठवाड्यातल्या कॉलेजच्या पोरापोरींनी, एसटीत शेजारी बसलेल्यांनी, लग्नाच्या पंगतीत, पारावर असे कुठंकुठं विचारलेले आहेत. काही चिडून विचारलेत, ते तसेच ठेवलेत. उत्तरं माझी आहेत, पटली नाहीत तर भांडा, चालतंय.

प्रश्न: लांबण लावू नका, एका वाक्यात सांगा. सगळ्यात खोल काय तोडतं?

जन्मानं मिळालेली जागा, आपल्याकडं तिला जात म्हणतात, आणि ती टिकते लग्नामुळं. मी कुठल्याही भेदाला दोन गोष्टी विचारतो. हा भेद माणसाला त्याच्या आयुष्यात ओलांडता येतो का, आणि ओलांडला तरी त्याच्या लेकराला तो परत चिकटतो का. पैसा येतो जातो. भाषा शिकता येते. आमच्याकडचं पोरगं पुण्याला गेलं की दोन वर्षांत बोलणं बदलून येतं आणि आईलाच शुद्ध बोल म्हणतं. धर्मसुद्धा बदलता येतो. पण जात बदलायचा फॉर्म कुठल्याच तहसीलला मिळत नाही, मिळतो तो आहे त्या जातीचा दाखला.

प्रश्न: हे सगळं ठीक, पण खरा भेद पैशाचाच ना? गरीब आणि श्रीमंत, बाकी सगळं नाटक.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याकडं बहुतेक वेळा कारण असतं. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ट्रक-ट्रॅक्टर भरभरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात अन् कर्नाटकात ऊस तोडायला जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती पोराच्या दवाखान्यात नाहीतर पोरीच्या लग्नात खर्चून बसलेली, फिटली नाही तर पुढच्या सालाला परत तिथंच, आणि एखाद्या दिवशी ताप आला म्हणून कोप्यावर झोपलं की खाडा धरून पैसे कापतात. त्या माणसाला जाऊन पैशाचा भेद वरवरचा आहे असं सांगायला लई मोठं तोंड लागतं, माझ्याकडं नाही.

पण त्याच कारखान्याच्या तळावर जरा फिरून बगा. वंजारी आहेत, बंजारा आहेत, दलित आहेत, मराठ्यांची गरीब घरंही आहेत. ऊस तोच, थंडी तीच, पहाटेची गाडी भरायची वेळ तीच, मुकादमाची शिवी पण तीच. गरिबी हाच सगळ्यात खोल भेद असता तर गरिबीनं गरिबाला जोडलं असतं ना? इतक्या पिढ्या उसात गेल्या, कोप्याला कोपी लागून आहे, आणि सोयरिकी मात्र ज्याच्या त्याच्यात. माझ्यासाठी वाद तिथंच मिटतो.

दुसरं म्हणजे आपण ज्याला पैसा म्हणतो तो कुठून आला ते बघावं लागतं. खेड्यात पैसा म्हणजे जमीन, आणि जमीन कोणाकडं आली, कोणाकडं आलीच नाही, हे जातीनं ठरलेलं. म्हणूनच आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांना १९५९ मध्ये आणि परत १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह करावा लागला, म्हणूनच मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या दलितांची भांडणं अजून चालूच आहेत. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा जीआर १९९१ ला निघाला, तरी सातबाऱ्यावर नाव लागायला कित्येकांच्या चपला झिजल्या. गायरान म्हणजे काही बागायत नाही, दगडगोट्याची जमीन, तरी ती कसली म्हणून माणसं मार खातात. पैशाचाच हिशोब असता तर दोन एकर खडकासाठी कोणी डोकं फोडलं नसतं.

प्रश्न: मग धर्म? हिंदू-मुसलमान यापेक्षा मोठी दरी कुठली आहे?

सगळ्यात जास्त रक्त कशावरून सांडतं आणि सगळ्यात खोल काय तोडतं, हे दोन प्रश्न मी वेगळे धरतो.

रक्ताचं म्हणाल तर आमच्या भागाला सांगायची गरज नाही. निजामाच्या बाजूच्या रझाकार टोळ्यांनी काय केलं ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकत आपण मोठे झालो. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, दरवर्षी झेंडावंदन होतं, स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घेतलं जातं, घेतलंच पाहिजे. पण त्याच्या पुढच्या आठवड्यांत काय झालं ते भाषणात येत नाही. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत सगळ्यात जास्त मुसलमान मारले गेले, त्यात रझाकारांशी काही संबंध नसलेली साधी माणसं होती. सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं संस्थानातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा लावला आणि तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. दोन्ही बाजूंच्या घरात आपापली अर्धीच गोष्ट सांगतात, अजून.

आता खोलीचं बोलू. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो, तिथं नारळ-चादर घेऊन कोण कोण येतं ते बघा, हिंदू घरंच्या घरं असतात. धर्माच्या भिंतीला अशी दारं जागोजाग आहेत. आणि धर्म बदलला तरी जात मागं मागं येते. सोयरीक बघताना बागवान, कुरेशी, तांबोळी, मोमीन हे पाहिलं जातंच, ख्रिस्ती घरांतही आधीचे कोण ते हळूच विचारतात, आणि १९५६ ला नागपूरला दीक्षा घेऊन माणूस परत आला तेव्हा त्यानं देव काढले, घर स्वच्छ केलं, पोरांना शाळेत घातलं, गावानं मात्र त्याला ओळखायचं जुनं नाव सोडलं नाही. धर्म बदलून जात जात नसेल तर खाली कोणता थर आहे ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न: जात आता इलेक्शनपुरती उरलीय हो. हॉटेलात चहा पिताना कोण विचारतं?

खरंय, कोणी विचारत नाही, आणि ही छोटी गोष्ट नाही. वेगळी कपबशी पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. एसटी, शाळा, हॉटेल, दवाखाना, कॉलेजची बेंच, यांनी विटाळ लई कमी केला. पण कमी झालं ते शिवायचं आणि बरोबर खायचं. लग्नाचं बघा. २०११-१२ च्या देशभरातल्या मानव विकास सर्वेक्षणात जातीबाहेरची लग्नं साधारण ५ टक्के निघाली. प्यू नावाच्या अमेरिकन संस्थेनं २०१९-२० मध्ये भारतात जवळपास ३० हजार लोकांना विचारलं, तर बायकांना जातीबाहेर लग्न करण्यापासून थांबवणं 'खूप महत्त्वाचं' आहे असं ६४ टक्के म्हणाले, आणि पुरुषांना थांबवणं ६२ टक्के. यात शिकलेले होते, शहरातले होते.

आणि तुमचा आमचा व्हॉट्सअप बगा की. वधू-वर ग्रुप प्रत्येक जातीचा वेगळा, त्यात पोटजातीचा अजून वेगळा. पोरगा आयटीत, पॅकेज बारा लाख, स्वतःचा टू बीएचके, आणि बायोडाट्यात सगळ्यात वर काय लिहिलंय? छत्रपती संभाजीनगरला भाड्यानं रूम बघायला जा, आडनाव ऐकून घरमालकाचा चेहरा बदलतो का बघा. सरळ कोणी नाही म्हणत, 'आत्ताच एकाला जबान दिली' म्हणतात.

प्रश्न: पण लग्नावरच एवढा जोर कामून? बाकीचं प्रेम, दोस्ती, धंदा काही मोजायचंच नाही का?

मोजायचं. पण दोस्ती दोन माणसांत राहते, ती माणसं गेली की संपते. लग्नातून लेकरू होतं, नातं होतं, शेताचा वाटा होतो, मयताला खांदा द्यायला कोण येणार ते ठरतं. दोन जातींत लग्नं व्हायला लागली की तिसऱ्या पिढीत जात सांगायलाच येत नाही, म्हणून सगळी राखण तिथंच बसवलेली असते.

हे माझं डोकं नाही. ९ मे १९१६ ला बाबासाहेबांनी, वय तेव्हा २५, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. धंदा, विटाळ, खाणंपिणं हे सगळं बाजूला ठेवून त्यांनी बोट ठेवलं जातीच्या आतच लग्न करण्यावर, आणि सती, सक्तीचं वैधव्य, लहानपणीच मुलीचं लग्न लावणं या चाली त्याच एका गोष्टीला सांभाळायला आल्या असं मांडलं. शंभरावर वर्षं झाली, मला तरी याच्यापेक्षा नेमकं कोणी सांगितलेलं दिसत नाही.

आणि आपल्या शेजारचंच घ्या. उमरग्याहून बसवकल्याण किती लांब आहे? बाराव्या शतकात तिथं बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात चांभार, न्हावी, परीट, ब्राह्मण, बाया, गडी सगळे एकत्र बसून बोलायचे, वचनं म्हणायचे. तोवर राजा बिज्जलानं सहन केलं. मग हरळय्याच्या मुलाचं आणि मधुवरसाच्या मुलीचं लग्न झालं, एक घर चांभाराचं, दुसरं ब्राह्मणाचं, आणि दोन्ही बापांना हाल करून मारलं असं परंपरा सांगते. कल्याण पेटलं, शरण म्हणजे बसवेश्वरांचे अनुयायी पांगले. वर्ष साधारण ११६७. एकत्र बसण्यानं राज्य हललं नव्हतं, एका लग्नानं हललं. आज लातूर-नांदेडात बसव जयंतीच्या मिरवणुका निघतात, डीजे लागतो, आणि त्या लग्नाबद्दल दोन मिनिटं कोणी बोलत नाही, निदान मी ऐकलेल्या भाषणांत नाही.

जगात पण हेच. हिटलरच्या जर्मनीनं १९३५ मध्येच न्यूरेंबर्गचे कायदे करून ज्यू आणि जर्मन यांच्या लग्नावर बंदी आणली, छळछावण्यांतलं ते कत्तलीचं सत्र नंतरचं. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं वर्णभेदी सरकार १९४८ ला आलं आणि १९४९ ला मिश्र विवाहबंदीचा कायदा, एकदम सुरुवातीच्या कायद्यांपैकी. अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावरची बंदी १६ राज्यांत चालू होती, ती सुप्रीम कोर्टानं १९६७ ला उठवली, म्हणजे चंद्रावर माणूस जायच्या दोनच वर्षं आधी. ज्याला ज्याला माणसं कायमची वेगळी ठेवायची होती त्याला त्याला कुठं हात घालायचा ते बरोबर कळलं.

प्रश्न: सगळ्यात जुना भेद तर बाई आणि पुरुषाचा. तो कसा विसरलात?

विसरलो नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागं ८०७ मुली निघाल्या, २००१ ला ८९४ होत्या. दहा वर्षांत इतक्या मुली आपोआप कमी होत नाहीत. २०१९ ला उसाला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाच्या 'पिशव्या काढल्याचं' प्रकरण निघालं, सरकारी समितीपुढं १३ हजारांहून जास्त बायकांचा आकडा आला. तो अन्याय कुठल्याच भेदाच्या खालचा नाही.

फक्त एवढंच की बाई आणि पुरुष एकाच घरात राहतात, एकाच ताटातलं खातात, एकमेकांची सुखदुःखं बघतात, त्यामुळं तोडणं हा शब्द तिथं मला नीट बसत नाही, दाबणं बसतो. आणि जातीची राखण करायचं ओझं कोणावर टाकलंय? पोरीवर. पोरानं बाहेरची आणली तर वर्षभर अबोला आणि नातू झाला की मिटलं. पोरगी गेली तर 'नाक कापलं', कुठंकुठं जीव घेतात. वर त्या प्यूच्या सर्वेक्षणात बायकांना थांबवायचा आकडा पुरुषांपेक्षा जास्त आहे ते उगाच नाही.

प्रश्न: माणसाचा स्वभावच आहे गट करायचा. जात नसती तर दुसरं काहीतरी असतं.

गट करायचा स्वभाव आहे, हे मान्य. हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या सुमाराला ब्रिस्टलला शाळकरी पोरांना दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रं आवडतात यावरून दोन गटांत टाकलं. म्हणजे टाकल्याचं भासवलं. ना ओळख, ना वैर, ना फायदा. तरी पैसे वाटायला दिले तर आपल्या गटाला झुकतं माप, आणि गंमत अशी की आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण दुसऱ्यापेक्षा जास्त असावेत, असा कल. ग्रामपंचायतीत बसलेल्या कोणालाही हे नवीन नाही.

पण स्वभावातून गट होतो, पिढ्यानपिढ्याची जागा होत नाही. त्याला कागद लागतो, कायदा लागतो, कोणीतरी नोंद करणारा लागतो. रवांडात हुतू आणि तुत्सी भाषा एकच बोलायचे, धर्मही बहुतेकांचा एकच. बेल्जियमच्या राज्यकर्त्यांनी १९३० च्या दशकात ओळखपत्रावर कोण हुतू कोण तुत्सी ते छापलं, ते बापाकडून लेकराला जाऊ लागलं, आणि १९९४ ला रस्त्यावर नाकी लावून तेच कार्ड बघून माणसं कापली. स्वभावावर सोडून दिलं की कोणालाच जाब विचारावा लागत नाही, म्हणून हे उत्तर लोकांना आवडतं.

प्रश्न: म्हणजे वरच्या जातींनी खालच्यांना दाबलं, एवढंच ना तुमचं म्हणणं?

एवढंच असतं तर सोपं होतं, दोन बाजू झाल्या असत्या. जात ही उतरंड आहे, प्रत्येक मडक्याच्या खाली एक आणि वर एक. ज्याला वरच्याचा राग येतो तोच खालच्याला दारात उभं करत नाही. देशमुख मराठा साध्या कुणब्याच्या घरी पोरगी देत नव्हता, बौद्धांत आणि मातंगांत सोयरीक होत नाही, भटक्यांची तर गणतीच कोणी करत नाही. खालून दुसऱ्या नंबरच्यालाही गमावण्यासारखं काहीतरी दिलेलं असतं, म्हणून खालचे सगळे एकत्र येत नाहीत.

आणि ही उतरंड नुसत्या नावानं पण हलते. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. कोणाची जमीन जाणार नव्हती, कोणाची नोकरी जाणार नव्हती, पाटी बदलणार होती. मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या, नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना मारलं. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी, तोही 'मराठवाडा' शब्द तसाच ठेवून.

प्रश्न: आरक्षणानंच जातीयवाद वाढवला. नाही म्हणूच नका.

म्हणतो. उसनवारीनं शेती करणाऱ्या घरात, जिथं आज्याच्या चाळीस एकराचे वाटे होत होत नातवाकडं दोन एकर आलेत आणि सोयाबीनला भाव नाही, तिथं नोकरीची एक सीट ही शेवटची आशा असते. २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीमार झाला आणि पुढं काय उसळलं ते सगळ्यांनी पाहिलं. मराठा पोराचं दुखणं खोटं नाही, ओबीसी पोराची भीती पण खोटी नाही. दोघांनाही सीटा कमी आहेत. सीटा वाढवा म्हणून दोघांनी मिळून मोर्चा काढल्याचं मी तरी पाहिलं नाही. जुन्या दोस्तांनी एकमेकांच्या दुकानावर जायचं सोडलं, हे मात्र ऐकलं. आणि आरक्षण नव्हतं तेव्हा जातीयवाद नव्हता असं ज्याला वाटतं त्यानं घरातल्या म्हाताऱ्याला पाणवठ्याचं विचारावं.

प्रश्न: संकटात तर माणूस माणसाला धावतोच की. भूकंपात, दुष्काळात कुठं होती जात?

धावतो, आणि मनापासून धावतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीला भूकंप झाला, आठ हजाराच्या आसपास माणसं गेली. ढिगाऱ्यातून माणूस ओढताना कोणी जात विचारली नाही. सामुदायिक चिता पेटल्या, त्यात कोण कोण होतं ते कोणाला माहीत.

पुढचं मात्र ऐका. ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. कोरा कागद, सरळ रस्ते, सगळी घरं सरकारी आणि संस्थांच्या पैशातून. आणि घराचं माप ठरलं जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याच्या वर ७५०. घर सगळ्यांचंच पडलं होतं, भूकंपानं तरी भेद केला नव्हता. बऱ्याच ठिकाणी शेजार पण आपापलाच मागितला गेला. त्या काळात काम केलेल्या माणसांना मी दोष देत नाही, घाई होती, लोक पत्र्याखाली होते. पण सगळं नव्यानं मांडायची संधी मिळूनही हात जुन्याच नकाशाकडं गेला.

पाण्याचं वेगळं. १९५४ ला अमेरिकेत मुझफ्फर शेरीफनं शिबिरात पोरांचे दोन गट करून त्यांच्यात वैर लावलं, मग दोन्ही गटांचं पाणी बंद पाडलं, तेव्हा सगळी मिळून टाकी दुरुस्त करायला लागली आणि अशी दोनचार कामं एकत्र केल्यावर वैर उतरत गेलं. आमच्याकडं १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला बागायतदाराची सून आणि तिचीच सालदारीण एका रांगेत बसल्या, सुकडी सारखीच वाटली. पण २०१६ ला लातूरला पाण्याच्या जागांवर जमावबंदी लावावी लागली, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, आणि तरी ज्याच्याकडं पैसा त्याच्या दारात टँकर उभाच होता. एकत्र काम पडलं तर माणसं जवळ येतात, नुसती तहान लागून येत नाहीत.

प्रश्न: संतांनी एवढं सांगून ठेवलंय, ते वाया गेलं का?

वाया नाही. पैठणला नाथांनी वाळवंटात रडणारं महाराचं पोर कडेवर घेतलं, श्राद्धाचं जेवण अंत्यजांना वाढलं, त्याची गोष्ट आजही कीर्तनात लागली की माणसं डोळे पुसतात. पण चोखोबांची समाधी पंढरपुरात देवळाच्या पायरीसमोर बाहेरच राहिली आणि दलितांना आत सोडायला १९४७ ला साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. वारीत खांद्याला खांदा लागतो, आणि परत येऊन पोराला स्थळ बघताना पाव्हणे 'कोणापैकी' ते विचारतात.

प्रश्न: आडनावं काढून टाकली तर?

करून बघा, वाईट नाही. पण गाव विचारतील, मग मामाचं गाव विचारतील, मग कुलदैवत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातीवरची नावं बदलायचं ठरवलं, चांगलंच केलं. वस्ती मात्र जिथं होती तिथंच आहे.

प्रश्न: तुम्ही लोक हेच हेच कामून उकरता? बोललं नाही तर विसरून जातील लोक.

ज्याला कोणी जात विचारत नाही त्याला विसरणं परवडतं.

प्रश्न: माझं दुसऱ्या जातीत जमलंय. घरी कसं सांगू?

एकदम वडलांपुढं जाऊ नका. आईला आधी, नाहीतर ज्या काकाचं, मामाचं वडील ऐकतात त्यांना. बहुतेक घरात विरोध मनातून कमी आणि 'भावकी काय म्हणेल' म्हणून जास्त असतो, त्यामुळं भावकीतलंच एखादं वजनदार माणूस बाजूला असलं तर निम्मं काम होतं. धाकट्या बहिणीचं लग्न अडेल हे हमखास काढतात, त्याचं उत्तर तयार ठेवा. स्वतःच्या पायावर उभं राहायच्या आधी घाई नको. आणि जिवाला धोका वाटला तर समजूत काढत बसू नका, पोलिसांकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप किंवा जातपंचायतीनं आडवं येणं बेकायदा आहे असं सुप्रीम कोर्टानं २०१८ ला स्पष्ट सांगितलंय.

प्रश्न: कायद्यानं कसं करायचं, आणि ते पैसे मिळतात ते खरं का?

दोघं हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असाल तर जात वेगळी असली तरी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली लग्न होतं, एक महिन्याची नोटीस लागत नाही, हे लई जणांना माहीतच नसतं. धर्म वेगळे असतील आणि कोणालाच धर्म बदलायचा नसेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला हवा, नोटीस ३० दिवस लागते, तीन साक्षीदार लागतात. नोटीस ऑफिसात लावतात, ती गावात पोचते, हे धरून चाला. वय मुलाचं २१, मुलीचं १८ पूर्ण.

आंतरजातीय लग्नात दोघांपैकी एकजण अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गातला असेल तर राज्याच्या योजनेतून जोडप्याला ५० हजार रुपये मिळतात, अर्ज जिल्हा परिषदेच्या समाज कल्याण विभागात. लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणि दोघांचे जातीचे दाखले लागतात, म्हणून घर सोडायची पाळी आली तर शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला आधी बॅगेत टाका, कपडे नंतर मिळतात. लग्नानंतर गावानं वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तक्रार थेट पोलीस ठाण्यात देता येते.